सेट लांब न्यायचा

स्कॅनर तिसऱ्यांदा थांबला आणि तिसराच आकडा दाखवून मोकळा झाला.

"पुन्हा बोल," मी जयमालाला, माझ्या बायकोला म्हणालो. शेजारच्या स्टुलावर बसून तिनं वॉकीटॉकीचं बटण दाबलं, "हॅलो, हॅलो" केलं. हवेतला आवाज सापडला की स्कॅनर त्या फ्रिक्वेन्सीच्या आकड्यावर थांबतो, एवढं साधं काम. आता चौथाच आकडा. माझं डोकं पार चक्रावलं.

चिखलीत अठ्ठावीस वर्षं मी वॉकीटॉकी दुरुस्तीचं हेच काम करतोय. कापसाच्या जिनिंग मिलच्या सहा सेटांपैकी एकाची सेटिंग उडाली होती, तो बाकीच्या पाचांशी जुळवायचा होता; त्या पाचांतलाच एक जयमालाच्या हातात होता. या सेटांवर आकडा दिसत नाही. पण तो बसवला मीच होता. लिहून ठेवायची मला कधी गरज पडली नाही, गावभरचे आकडे तोंडपाठ. वर्षभरापासून मात्र डोक्यातून काय काय गळतंय, माझं मलाच कळत नाही. परवा जेवून उठलो आणि हात धुऊन पुन्हा ताट मागितलं. डोक्यातली ही गळती मी कुणालाच सांगितली नव्हती. आज सेट जुळला नाही तर दुकान बंद करायचं, एवढं मनाशी ठरवलं होतं.

"स्कॅनरच बिघडला वाटते," मी म्हणालो.

जयमाला माझ्याकडे बघत राहिली. "अहो, सेट लांब न्या लागते ना? तुम्हीच तर सांगता सगळ्याईले. जवळून बोललं का स्कॅनर भलत्याच आकड्यावर थांबते."

नव्यानं शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट ही. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"मी जाते स्टँडपर्यंत. काय बोलू?"

"काही बी बोल. बटण सोडू नको."

ती गेली. मोबाइल काउंटरवरच विसरून गेली. दहा मिनिटांनी स्कॅनर एका आकड्यावर थांबला आणि त्यातून तिचा आवाज आला.

"एक, दोन, तीन. इथं मेथी मस्त आली हाय." मग जरा थांबून, "मले माहीत हाय हो. कधीचंच. गॅस चालू राह्यते, चष्मा फ्रिजमंधी सापडते. तुम्ही कवा सांगता, वाट पाहून राह्यली मी. दुकान बंद करायचं मनात आणू नका. आकडे मी लिहून ठेवीन."

स्कॅनर नुसता ऐकतो, त्याच्यावरून बोलता येत नाही. तरीही मी दोनदा तिच्या नावानं हाक मारली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं ते बरं झालं, कारण मी रडत होतो.

तो आकडा मी सेटिंग उडालेल्या सेटवर चढवला. तिनं बटण सोडलं तसं मी दाबलं. बोलायचं खूप होतं.

"आवाज आला," एवढंच म्हणालो.

"सगळा?"

"सगळा."

ती परतली तेव्हा हातात मेथीची जुडी आणि शंभर पानी वही होती. पहिल्या पानावर तिनं 'जिनिंग' लिहिलं आणि पेन धरून बसली.

"सांगा."

न बघता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. आकडा आठवला नाही. मग स्कॅनर तिच्याकडे फिरवला.