पारूबाईच्या विहिरीवरचं कुलूप

काय म्हणता, फार कुरकुरतो मी? कुरकुरणारच! मित्रांनो, मी विहिरीवरचा जुना गडगडा आहे. माझ्यावरून दोर सोडायचा, बादली भरायची आणि ओढून घ्यायची. आता मोटारी आल्या नि मला गोठ्यात खुंटीला टांगलंय. टांगा बापडे! पण माझं ऐकून तर घ्या.

मुरुडच्या एका सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. नरसिंग आणि पारूबाई या नवराबायकोने मला विकत घेऊन औशाकडच्या आपल्या गावी नेलं. हे कुटुंब पुढे बौद्ध झालं, पण तेव्हा अस्पृश्य मानलं जायचं. गावच्या विहिरीला त्यांना हात लावू देत नसत. पारूबाई घागर घेऊन लांब उन्हात उभी राहायची आणि कुणाला दया आलीच, तर तो वरून पाणी ओतायचा. धम्म स्वीकारल्यावर नरसिंग म्हणाला, "आता कुनाच्या मेहेरबानीवर पानी प्यायचं न्हाई." दोघांनी आपल्या शेताच्या तुकड्यात विहीर खणायला घेतली. खडक फुटता फुटेना, पण दोघं हटली नाहीत. पाणी लागलं तेव्हा पारूबाई ढसाढसा रडली. त्या विहिरीवर मला बसवलं, तेव्हा मी केवढा फुगलो होतो म्हणून सांगू!

पुढे नरसिंग वारला. मग लातूरचा नवा जिल्हा झाला आणि त्यातच दुष्काळ पडला. गावची विहीर आटली. पारूबाईच्या विहिरीत मात्र पाणी होतं. गाव येऊन बांधापाशी ओशाळं उभं राहिलं. पुढे शेषेराव होता. त्याच्याच बापाने पारूबाईला गावच्या विहिरीवरून हाकललं होतं. मला वाटलं, आता बाई चांगली सुनावणार! ती एवढंच म्हणाली, "दोर आनलाय का? मग वढा की." तिची एकच रीत होती. पहिली बादली बाहेरच्या डोणीत, गुराढोरांसाठी. मग आपली घागर. मी दिवसभर फिरायचो, अंग झिजायचं, पण कधी तक्रार केली नाही. बरं, थोडी केली.

एके सकाळी जीप आली. नव्या जिल्ह्याचा तरुण साहेब उतरला. माणूस वाईट नव्हता. शेजारच्या वाडीत पाण्यावाचून हाल चालले होते, ते त्याला बघवत नव्हते. पण विचारायचं सोडून त्याने हुकूमच सोडला, "ही विहीर सरकारने ताब्यात घेतली. पाणी आता गावाला नि वाडीला मोजूनच मिळेल." मला उचकटून फेकलं. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली, तिला कुलूप घातलं. शिपाई सांगेल तेव्हाच पाणी! पारूबाईलाही स्वतःच्या विहिरीवर रांगेत उभं केलं. माझा जीव तीळ तीळ तुटला.

बाई रांगेतून बाहेर आली. मला मातीतून उचललं, पदराने पुसलं आणि मांडीवर घेऊन ती काठावर बसली. "हितून हालनार न्हाई," म्हणाली.

शिपायाने कुलूप उघडून बादलीभर पाणी शेंदलं नि रांगेला हाक मारली. शेषेरावाचा पहिला नंबर. त्याने घागर पालथी घातली नि तो खाली बसला. मागचेही बसले. लेकरं पाण्यासाठी रडत होती, बाया डोळे पुसत होत्या, पण घागर कुणी पुढे केली नाही.

साहेब वैतागला. "अरे, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय ना? मग घ्या की पाणी!"

शेषेराव म्हणाला, "घ्यावं वाटतंय सायेब, लई तहान लागली. पन ही हीर बाईची हाय. आमच्या गावानं एकदा तिचा अपमान केला, तवा कुनी तोंड उघडलं न्हाई. आता तिला इच्यारल्याबिगर थेंब घ्यायचा न्हाई."

ऊन चढलं. साहेब बराच वेळ घुटमळला. शेवटी तो पारूबाईसमोर येऊन उकिडवा बसला. "बाई, शेजारच्या वाडीत लोकांचे फार हाल आहेत. तुमचं पाणी द्याल का?"

"हेच आल्या आल्या इच्यारलं असतं तर आतापत्तुर वाडीला पानी पोचलं असतं," पारूबाई म्हणाली. "काढा ते कुलूप. पहिलं पानी वाडीला जाऊ द्या."

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या साहेब होईल. लोकांच्या भल्यासाठी निघालात, तरी आधी विचारा. आणि साहेब नाही झालात, तर एवढं करा. शेजाऱ्याचं हिसकावून कुणी तुम्हाला वाढू लागलं, तर कितीही तहान लागलेली असो, घागर पुढे करू नका.