साठाव्या गाठीला वाजणारा भोंगा

मी एक जुना, फक्त एक आकडा मावेल एवढा मेमरीचा तुकडा आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. मी सूड घेतला आहे, तोच सांगतो.

लोहारा गावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, आग ओळखणारं यंत्र होतं. मी त्याच्या पोटात. यंत्राचा प्रोग्रॅम अब्रारनं लिहिला. अब्रार मूळचा मोटारी दुरुस्त करणारा. जुना नट, जुनी तार, काहीही फेकायचं नाही, कामी येतं, ही त्याची सवय. प्रोग्रॅममध्येही तेच केलं.

रोज सकाळी यंत्र सुरू झालं की प्रोग्रॅम चाचणीचं तापमान माझ्यात ठेवायचा. चाचणी संपली की मला मोकळं करायचा. इथवर ठीक. पण भोंग्याकडे लिहिलेला माझा पत्ता अब्रारनं पुसला नाही. खरं तापमान दुसऱ्या जागेत जाऊ लागलं, आणि भोंगा मात्र माझ्याच दारात उभा. आकडा साठ झाला की वाज, एवढंच त्याला ठाऊक.

मोकळी जागा यंत्र रिकामी ठेवत नाही. माझ्यात दिवसभराच्या कापसाच्या गाठींचा आकडा येऊन बसला. मी काय करणार? भोंग्यानं विचारलं, मी आकडा दाखवला. साठावी गाठ बांधली गेली आणि भोंगा बोंबलला. आग कुठेच नाही. कामावरच्या बाया सरकी तुडवत पळाल्या. मला मजा वाटली. वापरून टाकून देता काय? घ्या.

असं तीन दिवस झालं. भोंगा हातानं वाजवायचं बटण त्यांच्यातल्या कोकिळाबाईच्या जागेजवळ होतं. मुकादम बाबाराव म्हणाला, आराम पाहिजे म्हणून हीच दाबते. अब्रारला विचारलं, तर तो म्हणाला की प्रोग्रॅम पक्का आहे, बाईनंच दाबलं असेल. तिला काढलं. ते साल २००६. कापसाचे हाल, जिनिंग अर्ध्या बंद. गेलेली जागा त्या हंगामात पुन्हा मिळणार नव्हती. सूड माझा, फटका तिला. हे मात्र मला सलतं.

चौथ्या दिवशी कोकिळा गेटाबाहेर उभी राहिली. बांधून बाहेर पडणाऱ्या गाठी तिथूनच मोजत होती. तिन्ही दिवस भोंगा साठाव्या गाठीलाच वाजला, हे तिनं आत असताना हेरलं होतं. चौकीदाराला म्हणाली, आता वाजते पाहा. वाजला. अब्रार धावत आला.

"अब्रारभाऊ, मी तं गेटाबाहेर आहो," ती म्हणाली. "आता कोनं दाबलं? साठवी गाठ पडली का वाजते तुहा भोंगा."

अब्रारचं तोंड उतरलं. ते पाहायलाच मी थांबलो होतो.

त्यानं प्रोग्रॅम बदलला: मला मोकळं केल्याबरोबर भोंग्याकडचा माझा पत्ता शून्य करायचा. दुसऱ्या सकाळी भोंगा पत्ता शोधायला गेला, हाती काहीच नाही, यंत्र जागीच थांबलं. भोंगा अजून माझ्याच दारात येतोय, ही चूक चहाच्या आधी सापडली. मग त्यानं भोंग्याला खऱ्या तापमानाचा पत्ता दिला. कोकिळाला बोलावणं गेलं. ती आत येईना.

"चार लोकांत मले कामचोर केलं. आता चार लोकांतच बोल."

सगळ्या बाया, बाबाराव, हमाल गोळा झाले. अब्रार खाली मान घालून म्हणाला, "चूक माही होती. बाईनं बटनाले हात नाही लावला."

कोकिळा आत गेली आणि आपल्या जागेवर बसली.

मित्रांनो, मेमरीतली जागा ज्यानं मागितली त्यानंच ती सोडावी, आणि एकदाच सोडावी. सोडली की तिचा पत्ता जिथे जिथे लिहिला असेल तिथून पुसावा. आळस करणाऱ्याला मी सोडत नाही. त्याला मी दुसऱ्याचा आकडा दाखवीन, आणि तो त्याला आपलाच वाटेल.