पन्नास अंश

धाकट्या जावेला कारखान्यात मीच चिकटवलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा, दुसरं काय! बारा वर्षं मी सिरॅमिकच्या चकत्या भाजतेय, आणि ही दोन वर्षांत साहेबांची लाडकी. घरी सासूबाई तिच्या चहाचं कौतुक करतात, इथे साहेब तिच्या चकत्यांचं. चहात असं काय असतं हो? पाणीच ना?

नवी मोठी भट्टी येणार होती. साहेब म्हणाले, "दोघींनी एकेक घाणा भाजा. जिच्या चकत्या जास्त वजन सोसतील, तिच्या हाती नवी भट्टी."

सोळाशे अंश, दोन तास, हे ठरलेलं. ती जेवायला गेली तेव्हा मी तिच्या भट्टीचा आकडा पन्नासने चढवला आणि ती परतायच्या आत गुपचूप खाली आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वजन लावलं. माझ्या चकत्या तगल्या, तिच्या एकामागून एक टचकन मोडल्या. साहेबांनी तिची चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"ताप जास्त झालाय. मग कणांच्या सीमा सरकतात, मोठे कण आजूबाजूच्या लहानांना गिळत सुटतात. वरून चकती तशीच दिसते, पण मोडायला सोपी."

मोठे लहानांना गिळतात म्हटल्यावर मी खिडकीबाहेर बघायला लागले.

जावेने भिंगात बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "माझ्याच हातून आकडा चुकला, साहेब."

नवी भट्टी मला मिळाली. घरी परतताना वाटेत ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, पन्नास चढवलेत ना? साधारण तासभर?"

"कोण म्हणतं?" मी उसळले.

"कण म्हणतात. किती फुगलेत त्यावरून कळतं."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?"

"मला कारखान्यात आणलं कुणी? तुम्हीच ना?"

पोटात आग होती ती होतीच, उलट वाढली. चांगुलपणातही हीच पुढे! आणि कणांवरून ताप ओळखणं मला बारा वर्षांत जमलं नव्हतं. आता नव्या भट्टीवर बसायचं तर ते शिकायलाच हवं होतं.

घराच्या दारात मी चप्पल काढता काढता, तिच्याकडे न बघता विचारलं, "मला शिकवशील?"