गुडघ्याएवढं पाणी

कासार गल्लीत घरं नऊ, सागवानी खांब छत्तीस आणि पुराच्या खुणा नऊ. पालिकेचा मोजणीदार तेजरामने आकडे लिहिले आणि वहीचं मागचं पान उलटून पाहिलं. उन्हाळ्यातल्या मोजणीत खुणा शून्य होत्या.

मधल्या काळात पालिकेचा ठराव झाला होता. मोठ्या पुराच्या आधीपासून उभं असलेलं घर मालकाने न पाडता जपलं, तर घरपट्टी निम्मी. पुरावा म्हणून खांबावर कोरलेली पुराची खूण चालेल, असं नोटिशीत होतं. नोटीस लागली आणि भंडाऱ्यातल्या सुतारांना काम मिळालं.

आठ खाचा जोत्यापासून छातीइतक्या उंच होत्या. नववी, गल्लीच्या वरच्या टोकाला सत्यभामाबाईंच्या खांबावरची, तेजरामच्या गुडघ्याला लागत होती. तिच्यातलं लाकूड अजून पिवळं होतं.

"कोणी कोरली, काकू?"

सत्यभामाबाई ओट्यावर बसून चिंचेने पितळी परात घासत होत्या. हात थांबला नाही.

"मीच. श्रावणात."

"पूर तर तुमच्या जन्माआधीचा."

"हाव."

शेजारच्या ओट्यावरून त्यांचा दीर हिरालाल हसला.

"आमच्या घरी पानी छातीले लागलं अन् वहिनीकडं गुडघ्याले! थकून बसलं असन बिचारं."

तेजरामच्या पिशवीत एक बिनसहीची तक्रार होती : सत्यभामाबाईची खूण खोटी आहे. अक्षर हिरालालच्या स्वतःच्या अर्जासारखं होतं. पण तेवढ्याने तक्रार खोटी ठरत नव्हती.

"सूट नाही भेटली तं घर याले देनं हाय," सत्यभामाबाई परातीकडे पाहत म्हणाल्या. "पुरी पट्टी माह्यानं भरनं होत नाही. हा मधली भिंत पाडून स्लॅब टाकते."

"मग खूण गुडघ्याइतकीच काहून?"

त्या उठल्या आणि त्याला आत घेऊन गेल्या. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर, तेवढ्याच उंचीवर, कुंकवाची आडवी रेघ होती.

"दिवाळीले भिंत पोतताना सासू या रेघेवर अंगठा ठेवे. पोतून झालं का तिथंच कुंकू. तिच्या मागं मी ठेवते. भिंतीवरची चालत नाही म्हणे, म्हणून खांबावर कोरली."

पन्नासेक दिवाळ्या, तेजरामने हिशेब केला. दर वर्षी अंगठा केसभर सरकला, तरी रेघ कुठून कुठे गेली असेल. कहाणी चांगली होती; म्हणूनच त्याला ती जास्त खटकली.

त्याने गवंड्याची पारदर्शक नळी पाण्याने भरली. पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत राहतं, एवढंच त्याला पुरेसं होतं.

"हिरालालजी, एक टोक धरता?"

"धरतो ना! दूध का दूध, पानी का पानी."

घाटावरच्या दीपमाळेच्या दगडात पुराची रेघ होती. तिच्याबद्दल गावात कोणाचं दुमत नव्हतं. तिथून दोघे निघाले. नळी ताणायची, पाणी स्थिर होऊ द्यायचं, भिंतीवर खडूने पातळी ओढायची, पुढे सरकायचं. गल्ली चढाची होती. पहिल्या घराशी खडू दाराच्या चौकटीवर गेला, तिसऱ्या घराशी डोक्यापर्यंत उतरला, सहाव्याशी कमरेला आला.

आठवं घर हिरालालचं. खडू त्याच्या मांडीशी थांबला. खाच दोन फूट वर होती. हिरालालने आधी खडूकडे पाहिलं, मग खाचेकडे.

"नळीत हवा असन."

तेजरामने नळी उजेडात धरली, टिचकी मारली, टोकापासून टोकापर्यंत पाहिली. "हवा नाही."

"मंग राहू दे ना. झालंच की आता."

"एक घर उरलं."

हिरालाल टोक धरून आपल्याच खांबाशी उभा राहिला. तेजराम दुसरं टोक घेऊन पुढच्या ओट्यावर चढला आणि खांबाशी गुडघे टेकून बसला. पुन्हा परात घासायला बसलेल्या सत्यभामाबाईंचा हात थांबला.

नळीतलं पाणी वर गेलं, खाली आलं, पुन्हा थोडं वर चढलं आणि खाचेच्या पाव इंच खाली स्थिर झालं.