ह्यांची नवी लेन्स

"काकू, तुम्हीपण बघा की," म्हणत दुकानदाराने कॅमेरा माझ्या हातात दिला. मी डोळा लावला आणि रस्त्यापलीकडची खिडकी अलगद माझ्याजवळ येऊन थांबली. आत एक बाई पडदा मांडीवर घेऊन टाके घालत होती. ओठ हलत होते, बहुधा गाणं म्हणत असावी. आवाज मात्र तिकडेच राहिला होता. तिच्या बोटांवर संध्याकाळच्या उजेडाची साय धरली होती. तिला हाक मारावी, असं मला वाटलं. इतक्या जवळची माणसं सहसा आपल्याशी बोलतात.

"अगं, लेन्स बघायला आलोय, लोकांचे संसार नाही," हे म्हणाले.

आमचे हे एका हौशी नाटकमंडळाचे फोटो काढतात. शेवटच्या रांगेमागे उभं राहून, फ्लॅश न उडवता, कारण फ्लॅश उडाला की नट वाक्य विसरतात. म्हणून लांबचं जवळ आणणारी आणि अंधुक दिव्यातही भरपूर उजेड आत घेणारी लेन्स लागते. तशी एक आमच्याकडे आहे, बदल्यात द्यायला आज बरोबर आणलेली. पण गेलं वर्षभर तिच्यातून राजाचं तोंड खुद्द राजाला ओळखू येईना. लेन्स गेली, असं हे सगळ्यांना सांगत. नाचता येईना, अंगण वाकडं. ह्यांच्या हातातला चहाचा कप बशीवर किणकिणताना मी रोज ऐकत होते, पण कधी बोलले नाही. मंडळाने नव्या नाटकासाठी विचारलं होतं आणि ह्यांनी अजून होकार दिला नव्हता. फोटो धड आले नाहीत तर हे कॅमेरा कायमचा कपाटात टाकतील, हे मला पक्कं ठाऊक होतं.

कॅमेऱ्याच्या कंपनीची नवीकोरी लेन्स आम्ही लांबूनच पाहिली; ती घेतली असती तर घर विकून दुकानातच राहायला यावं लागलं असतं. उरल्या दोन. एक दुसऱ्या कंपनीची, तितकाच उजेड घेणारी, स्वस्त आणि चकचकीत. दुसरी कोणीतरी वापरून विकलेली, रंग उडालेली, पण हात हलला तरी चित्र सावरून धरणारी.

"चकचकीत द्या," हे लगेच म्हणाले. "मला कशाला हवीय सावरणारी?"

"जुनी देताय ना बदल्यात, काका? बघू," म्हणत दुकानदाराने आमची लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर चढवली आणि तीच खिडकी टिपली. फोटोत त्या बाईच्या सुईतला दोरासुद्धा दिसत होता.

"अहो, ही तर ठणठणीत आहे!"

ह्यांचा चेहरा पडला. मला दुकानदाराचा राग आला; एवढं खरं बोलायची काय गरज होती? मग ह्यांनी ती रंग उडालेली लेन्स उचलली.

"तू पलीकडे जाऊन उभी राहा."

मी रस्ता ओलांडला. दिवे नुकतेच लागत होते. इथून दुकान पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. काचेआड हे, आणि ह्यांच्या चेहऱ्याच्या जागी एक जांभळट गोल भिंग. मधून माणसं संथ तरंगत जात होती. ज्या हातांकडे बघायचं मी वर्षभर टाळलं, ते आता दिसत नव्हते म्हणून जीव कासावीस झाला. एकदा तरी स्वच्छ येऊ दे, असं मनात म्हटलं आणि मला रडूच फुटलं, भर रस्त्यात, खांदे गदगदून. तोंड मात्र फोटोसाठी हसरं ठेवलं होतं.

परत आले तेव्हा दोघं कॅमेऱ्यावर वाकलेले होते. मी मधे डोकं घातलं. फोटोत मधोमध मी होते, पार पुसट, धुरासारखी.

"हलला," मी पुटपुटले.

"काकांचा हात नाही हलला," दुकानदार म्हणाला. "तो हलला असता तर मागची भिंतपण हलली असती. बघा ना."

माझ्यामागे विटेन् वीट जागच्या जागी होती. फटीतलं गवत, खिळ्यावरचा गंज, सगळं. ह्यांनी भिंत मोठी करून पाहिली, पुन्हा पुन्हा, एकेक वीट. मग मान वर केली.

"तू हललीस!" हे केवढ्यांदा तरी ओरडले. "इतकी वर्षं फोटो काढतोय तुझे, साधं उभं राहता येत नाही?"

"नाही येत," मी डोळे पुसत म्हणाले.

आणि ह्यांनी मला पुन्हा रस्त्यापलीकडे पिटाळलं.