तीन माणसांचं घर, दोन सीटांची मी

समीक्षाला वाटलं होतं, मी दारात येऊन उभी राहिले की तिचे बाबा हार घालतील, आई पेढे वाटेल आणि गल्लीतली माणसं कौतुकाने गोळा होतील. प्रत्यक्षात बाबांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, मागच्या हौद्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, "मागच्या सीटा कुठी गेल्या?"

त्या हौद्याची धनीण मी. फैजपूरच्या बन्सीलालभाऊंच्या दारातली छोटी पिकअप. पुढे दोन सीट, मागे मोकळा हौदा, रंग पांढरा. निदान रंगाच्या बाबतीत लेकीने वडिलांचं ऐकलं होतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेजारच्या रांगेत मोटारी तयार व्हायच्या. त्यांना जन्मतःच गाणी, गारवा आणि मऊ गाद्या मिळायच्या. मला मिळाल्या दोरी बांधायला बारा कड्या. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गादीवर कुणीही बसतं, कडीला मात्र माणसाचा संसार बांधला जातो.

बन्सीलालभाऊंनी दीपनगरच्या वीजकेंद्रात तेहतीस वर्षं नोकरी केली. साहेबांच्या गाड्यांना रोज नमस्कार केला आणि मनात एकच गोष्ट धरून ठेवली: निवृत्त झालो की पांढरी कार घ्यायची, बायकोला, रुक्माबाईला, मागच्या सीटवर बसवायचं आणि काच खाली करून एकेका नातेवाइकाच्या दारावरून सावकाश जायचं.

पण निवृत्ती आणि समीक्षा एकाच महिन्यात घरी आल्या. समीक्षा हॉलंडात शेतमालाच्या वाहतुकीचं शिकून आली होती. तिथे नोकरी मिळत असताना ती घेतली नाही, कारण तिला आपल्या मुलखासाठी काम करायचं होतं. जेवणाच्या टेबलावर तक्ते पसरून ती बाबांना सांगायची, "कार आठवड्यातून एक दिवस फिरते आणि सहा दिवस कापड पांघरून झोपते. ही सातही दिवस राबेल, आणि कारपेक्षा कितीतरी स्वस्त. ज्याच्याकडे दहाच कॅरेट माल आहे त्याच्यासाठी ट्रक थांबत नाही, आणि दहा कॅरेट डोक्यावरून नेता येत नाहीत. ही मधल्या माणसाची गाडी आहे, बाबा."

"अन मधल्या माणसानं बसायचं कुठी?" बाबा विचारायचे.

शेवटी ते थकले, ती थकली नाही. घरात गाडी चालवता येणारी ती एकटीच, म्हणून कागदपत्रंही तिच्याच नावावर झाली.

समीक्षाने माझ्या मागच्या फाळक्यावर नियम रंगवून घेतले. 'सुटण्याची वेळ सकाळी सहा. माल वजन करून घेतला जाईल. हौद्यात माणसं बसणार नाहीत.' पेंटरने खाली स्वतःच्या मनाने एक गुलाब काढला. लोकांनी गुलाब पाहिला, नियम कुणी वाचले नाहीत.

माणसांची एक सवय मला पहिल्याच आठवड्यात कळली. "किती घ्याल?" असं विचारणारे थोडे. "रिकामीच चालली ना?" असं विचारणारे सगळे. रिकामी गाडी डोळ्यांसमोरून गेली तर आपल्याकडच्या माणसाला रात्री अन्न गोड लागत नाही. मग मी बामणोदची भरताची वांगी नेली, सावद्याच्या शाळेचा ढोल नेला, यावलला एक खाट नेली आणि तीच खाट आवडली नाही म्हणून परत आणली.

शेजारच्या यशोदाअक्का बकरी घेऊन आल्या तेव्हा मोठा पेच पडला. समीक्षाने बकरी वर चढवली. मागोमाग अक्कांनीही पदर खोचला.

"अक्का, तुम्हाला मागे बसता येणार नाही. ही मालवाहू गाडी आहे. बकरी चालते, ती माल आहे."

"म्हंजे बकरीले जागा हाये अन मले नाही?"

"कायदाच आहे तसा."

"मंग मलेबी माल समज. वजन करून घे पाह्यजे तं!"

शेवटी अक्का पुढच्या सीटवर बसल्या आणि यावलपर्यंत मागच्या काचेतून बकरीशी बोलत राहिल्या.

तरी काम जमत चाललं होतं. हिलालनानांची दहा कॅरेट वांगी पूर्वी दारात येणाऱ्या दलालाला जायची. आता ते स्वतः जळगावच्या बाजारात जाऊन उभे राहायचे. उतरताना बैलाला थोपटावं तसं माझ्या बॉनेटवर थोपटायचे. एकदा सवयीने "हो रे राजा" म्हणाले आणि इकडेतिकडे बघून लाजले.

अडचण होती ती घरातच. घरात माणसं तीन, माझ्या सीटा दोन. समीक्षा चालवणार, म्हणजे एकच सीट उरली. कुठेही जायचं ठरलं की बाबा त्या सीटवर बसायचे आणि रुक्माबाईंना म्हणायचे, "तुले तर बाईमाणूस म्हणून एसटीत अर्धंच तिकीट हाये. तू ये बसनं." हिशोब बिनचूक होता. रुक्माबाई पिशवी उचलायच्या आणि स्टँडकडे चालू लागायच्या. बाबा खिडकीतून हात हलवायचे, आणि तो हात खाली येण्याआधी लेकीला टोमणा मारायचे, "तीन माणसाचं घर, दोन सीटची गाडी. हे कोणत्या विद्यापीठात शिकवतात?"

समीक्षाच्या सगळ्या तक्त्यांत या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

अशात केळीचे व्यापारी लीलाधरभाऊ एकदा चहाला आले. त्यांचे ट्रक मोठे, केळीच्या बागांतल्या बांधांवर शिरत नाहीत. त्यांनी मला नवऱ्या मुलीसारखं मागून पुढून पाहिलं आणि चांगली किंमत सांगितली. बाबांनी तिथेच शब्द दिला. "सोनगीरचं लग्न रविवारी हाये. सोमवारी सकाळी येऊन किल्ली घेऊन जा. मग आम्ही कार घेतो."

समीक्षाने चहाचे कप उचलले आणि म्हणाली, "सोमवारी सही करते." मी अंगणात उभी होते. माझं पेट्रोल घशाशी आलं.

धुळ्याकडचं, अहिराणी बोलणारं सोनगीर हे रुक्माबाईंचं माहेर. त्यांचा धाकटा भाऊ अभिमन याच्या मुलीचं, वृषालीचं लग्न होतं. नवरीची सख्खी आत्या पहाटेच्या एसटीने निघाली, चोपडा आणि शिरपूरला बस बदलत. बाबा आणि समीक्षा माझ्यातून निघाले. गावात शिरताना बाबा म्हणाले, "मांडवासमोर नको. तिकडं किल्ल्याच्या बाजूला लाव."

मांडवासमोर अकरा पांढऱ्या कार उभ्या होत्या. मी लांबून मोजल्या. अभिमनमामा हात पसरून पुढे आले. "या भाऊ! कशा उनात?"

"कारनं," बाबा म्हणाले. "बाहेर लावली हाये, गर्दी नको म्हणून."

समीक्षाने जमिनीकडे पाहिलं. खोटं बोलायचं नाही हा तिचा नियम, आणि बापाला चारचौघांत तोंडघशी पाडायचं नाही हाही तिचाच.

लग्नाची बुद्धवंदना सुरू व्हायला दहा मिनिटं असताना रुक्माबाई पोचल्या. साडीला बसची धूळ, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वृषालीसाठी आणलेली शाल. अभिमनमामांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा मेहुण्यांकडे.

"भाऊ, तुम्ही कारमा उनात, अन मनी बहीण एस्टीमा?"

मांडवातल्या माना इकडे वळल्या. रुक्माबाईंना काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. त्या सहज म्हणाल्या, "कसानी कार? आमनी पिकअप शे. तठे किल्लाजोडे उभी शे. माले येतायेताच दिखनी."

मागच्या खुर्च्यांवरून हसू फुटलं. कुणीतरी म्हणालं, "भाऊनी कारना छप्परच उडी गयं वाटतं!" बाबांनी गळ्यातला रुमाल काढून विनाकारण घाम पुसला. मला वाटलं, संपलं. सोमवार उजाडायचीही गरज उरली नाही.

लग्न वेळेवर लागलं. खरी गडबड जेवणानंतर झाली. वृषालीचं सामान धुळ्याला सासरी पोचवायचं होतं: लोखंडी कपाट, पलंग, कूलर आणि सोनगीरच्या कारागिरांनी घडवलेली तांब्यापितळेची भांडी. सांगून ठेवलेला टेम्पो दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला निघून गेला होता. अकरा कारवाल्यांनी आळीपाळीने कपाटाकडे पाहिलं. एकाने आपल्या डिकीचं माप घेतलं आणि डिकी हळूच बंद केली.

अभिमनमामा बाबांसमोर येऊन उभे राहिले. आता हसत नव्हते. "भाऊ, तुमनी पिकअप लई या. बठ्ठं तिन्हामाच बसी जाई."

मला मांडवासमोर आणलं. अकराही जण कपाट कसं चढवायचं ते सांगायला लागले. "आडवं घाला!" "उभं ठेवा!" "आरसा वर पाह्यजे!" बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. मग तेहतीस वर्षं वीजकेंद्रात यंत्रं हलवलेला माणूस पुढे झाला आणि बोलला, "बाजूला व्हा बठ्ठे." त्यांनी बारा कड्यांपैकी एकही रिकामी ठेवली नाही. दोरी अशी आवळली की माझ्याही पाठीला आधार वाटला. लोक त्यांना मानाने आबा म्हणायला लागले. हौदा भरला तरी कौतुक संपेना, तेव्हा बाबा खुशीत येऊन पुढच्या सीटकडे वळले.

तिथे रुक्माबाई बसल्या होत्या. दार लावून, पिशवी मांडीवर घेऊन.

"अगं, तुले अर्धं तिकीट..."

"आज तुम्ही कारमा या," त्या म्हणाल्या. "इतल्या कारी शेतीस."

म्हणून बन्सीलालभाऊंना आयुष्यात प्रथमच पांढऱ्या कारची मागची सीट मिळाली. ती मधली होती. दोन्ही बाजूंना दोन जाड व्याही, गुडघे हनुवटीपाशी आणि मांडीवर बुंदीचं पातेलं. महामार्गावर ती कार माझ्या शेजारून गेली तेव्हा काच खाली होती. त्यातून बाबांचा हात बाहेर येऊ शकला नाही, कारण पातेलं धरायला दोन्ही लागत होते.

इकडे माझ्या केबिनमध्ये समीक्षा म्हणाली, "आई, उद्या सही करायचीय. बाबांचं बरोबर आहे. माझ्या गाडीमुळे तू दर वेळी बसमध्ये."

"तुना गाडीमुये नही," रुक्माबाई म्हणाल्या. माहेरच्या वाऱ्याने त्यांची जीभ माहेरची झाली होती. "कार असती तरी माले मांगेच बसाडतात. कोनी पाव्हना उना का उठाडतात. दीपनगरना कॉलनीमा जीप व्हती, तव्हयभी हाईच." जरा थांबून त्या हसल्या. "तू सांगं, सामान्य मानूसले काय पाह्यजे. तुना बाप सांगे, त्यासले काय पाह्यजे. माले इचारं का कोनी?"

समीक्षाचा पाय माझ्या अ‍ॅक्सिलरेटरवरून थोडा सुटला. "काय पाहिजे तुला?"

रुक्माबाईंनी स्टिअरिंगकडे बोट केलं. "ती सीट. तिन्हावरथीन कोनी उठाडत नही."

मी शपथेवर सांगते, त्या क्षणी मला खड्डा लागला नव्हता. तरी मागची सगळी भांडी वाजली.

धुळ्याला सामान उतरलं. घरी परतताना बाबा कुणाच्या तरी कारने जळगावपर्यंत आणि तिथून एसटीने आले. आल्यावर गुडघ्याला तेल लावून घेतलं आणि कार या विषयावर एक शब्द काढला नाही.

सोमवारी सकाळी लीलाधरभाऊ मोटारसायकलवर आले. कागद आणले होते, पेनही आणलं होतं. बाबा ओट्यावर, रुक्माबाई उंबऱ्यात. समीक्षाने कागद घेतला, वाचला, घडी घालून परत दिला.

"काका, माफ करा. गाडी विकायची नाही. मी ती आईच्या नावावर करतेय. उद्या आम्ही दोघी जळगावला जाऊन तिचा शिकाऊ परवाना काढणार. हिलालनानांची वांगी तीच नेईल. मी बाजार आणि शेतकरी बघेन, आणि मला कुठे जायचं असेल तर मी बसने जाईन."

"अगं, मी शब्द दिलाय त्यायले," बाबा म्हणाले.

"तो मी मोडतेय, बाबा. रागवायचं ते माझ्यावर रागवा."

लीलाधरभाऊंनी रुक्माबाईंकडे पाहिलं, मग आपल्या मोटारसायकलकडे. "वहिनी चालवतीन? मंग हिले आधी आत घेतो." आणि त्यांनी खरोखरच ती ढकलत अंगणाच्या कोपऱ्यात नेली.

बाबांनी विचारलं, "अन मी?"

"शिकणाऱ्याच्या शेजारी परवाना असलेला माणूस लागतो. तोवर मी बसेन. तुम्हीही काढा ना परवाना."

"या वयात?" बाबांनी जोरजोरात मान हलवली. थोड्या वेळाने मात्र हळूच विचारलं, "तो फॉर्म किती पानांचा राह्यते?"

तर वाचकहो, माझं असं ठरलंय. फैजपूर-यावल रस्त्यावर एखादी पांढरी पिकअप जरा जास्तच सावकाश, जरा जास्तच मधोमध येताना दिसली, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका. तुम्हीच थोडं बाजूला व्हा.