तिसऱ्या तळ्यावरची शून्यं

कागदावरच्या त्या बारीक काळ्या रेघा — एकीला लागून एक, जणू कुणी बोथट पेन्सिल टोचून टोचून पाहिली असावी... तिसऱ्या तळ्यावर ठेवलेल्या यंत्राने टिपलेल्या आवाजाचं ते चित्र आयव्हर मघापासून पाहत होता. लव्हाळ्यातल्या बेडकाचा आवाज वरच्या पट्टीतला. त्याच्या रेघा वर उमटतात. तिथे तर काहीच नसायला हवं होतं.

"ऐका तर," त्याची सहायक ब्रॉनी म्हणाली आणि तिने कळ दाबली.

दूरवर ऊस वाहणाऱ्या आगगाडीचा खडखडाट. मग काही नाही.

"काय माजलेत बघा," ब्रॉनी म्हणाली. "कान किटले माझे. येतंय ना ऐकू?"

"हो," आयव्हर म्हणाला.

हे हो किती सहज गेलं... आता काहीतरी वाटायला हवं, असं त्याला वाटलं. पण दात काढल्यावर गाल जसा आपला नसतो, तसं आत काहीतरी नुसतं जड होतं. सहा वर्षं दर पंधरवड्याला तो त्या तळ्याकाठी पाच मिनिटं बसला होता, घड्याळ लावून, आणि तक्त्यात शून्य लिहीत आला होता. बाकीची तळी ब्रॉनीकडे. एका तळ्याला एकच कान, म्हणजे आकड्यांची तुलना नीट होते — हा नियमही त्याचाच. पाण्यात तणनाशक होतं. प्रयोगशाळेनेच ते मोजलं होतं. दुसऱ्या जातीच्या बेडूकमाशांचे पाय खुरटलेले होते, तेही खरं. पण लव्हाळ्यातला बेडूक गेला, हे फक्त त्याच्या कानांनी सांगितलं होतं.

कधीपासून? बायको, हेस्टर, होती तेव्हा... किटली शिट्टी देत नाही म्हणून त्याने दुकानदाराशी वाद घातला होता, नवी आणली होती, आणि तीही मुकीच निघाली तेव्हा तिने हसून गॅस बंद केला होता. त्या हसण्यानंतर तिने आपल्याकडे किंचित जास्त वेळ पाहिलं होतं का? की हे आपण आत्ता रचतो आहोत?

"परत आले, आयव्हर," ब्रॉनी म्हणत होती. "सांतोने काठची उसाची पट्टी मोकळी सोडली आणि दोन वर्षांत बेडूक परत आले. शुक्रवारच्या अहवालात हेच घालू. आणि जरा हसा की, कुणी मेलं नाहीये."

परत आले. एवढे दोन शब्द लिहिले की सगळं जागच्या जागी बसत होतं — शून्यं खरी, औषध दोषी, उपाय लागू. फक्त सांतोची तळ्याकाठची पट्टी, जिथे त्या शून्यांमुळे त्याला ऊस लावायची बंदी झाली होती, ती आता कायमची जाणार होती.

दुपारी आभाळ भरून आलं. तो गाडी काढून तळ्यावर गेला. सांतो कुंपणाशी वाकून तार ओढत होता.

"या प्रोफेसर. तुझ्या ब्रॉनीने फोन केला मला. पाहुणे परत आले म्हणे. पट्टी त्यांच्या नावावर करू, की भाडं तरी देतील?"

"बघू," आयव्हर म्हणाला.

"खरं सांगू? मला तर ते कधी गेलेच नाहीत असं वाटायचं. बायकोला म्हणायचोसुद्धा. पण मी पडलो ऊसवाला. ऐकणारा तू."

आयव्हर काठावर बसला. सांतोही गुडघे मोडत शेजारी टेकला. पाणी तांबूस, स्थिर. लव्हाळ्याच्या एका पात्यावर, हाताच्या अंतरावर, अंगठ्याच्या पेराएवढा हिरवा बेडूक बसलेला होता. त्याचा गळा फुगत होता, मावळत होता, पुन्हा फुगत होता — काचेपलीकडे कुणी जीव तोडून बोलावं तसा. सहा वर्षं आपण इथे बसलो ते डोळे मिटून, नीट ऐकू यावं म्हणून... आयव्हरला यावरही काही वाटलं नाही. तो फक्त पाहत राहिला.

"सांग की आता, किती आहेत," सांतो म्हणाला. "मोजणारा माणूस तू."

"एक," आयव्हर म्हणाला.

"एक?" सांतो हसला. "अरे, अख्खं तळं बोंबलतंय. शंभराच्या खाली नसतील, आणि म्हणे ए..."

हसणं अर्ध्यावरच थांबलं. सांतो तळ्याकडे पाहत नव्हता. आयव्हरला ती नजर गालाच्या कडेला, कानाच्या पाळीशी जाणवली, आणि एरवी त्याने मान वळवली असती, खोकला काढला असता, वहीत डोकं खुपसलं असतं. तो हलला नाही. त्या जड गालाखाली कुठेतरी बारीकशी ठणक सुरू झाली होती, आणि सांतोने विचारावं, आत्ताच विचारावं, असं त्याला वाटत होतं.